घंटेनंतरचं वाक्य

कुणाचंही बोलणं ऐकताना बाई डोळे मिटून घ्यायच्या. नवख्या माणसाला वाटायचं, यांना झोप लागली. एकदा पारोळ्याकडच्या एका शाळेत मुख्याध्यापक त्यांना आपल्या अडचणी सांगत होते. गळणारं छप्पर, पाण्याची टाकी, रिकाम्या जागा. बाईंचे डोळे मिटलेले पाहून ते मध्येच थांबले आणि त्यांनी शिपायाला खूण केली, पंखा वाढव. बाई डोळे न उघडता म्हणाल्या, "पंखा राहू द्या. रिकाम्या जागांपर्यंत आला होतात तुम्ही. पुढे बोला."

मी तेव्हा सावद्याजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवत होते. नोकरीला फार दिवस झाले नव्हते. आठवीच्या मुलांना इंग्रजी कितपत बोलता येतं, कळतं, वाचता येतं, याची राज्यभर एक पाहणी निघाली आणि धुळे-जळगावच्या तोंडी चाचणीसाठी मला बाईंच्या हाताखाली पाठवलं. बाईंनी उभा जन्म धुळ्यात इंग्रजी शिकवण्यात घालवला होता. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी तोंडी परीक्षा म्हटलं की दोन्ही जिल्ह्यांत त्यांच्याशिवाय दुसरं नाव कुणाला सुचायचं नाही. आमच्या पाहणीवरून सरकार ठरवणार होतं की इंग्रजीचे खास शिक्षक कुठल्या शाळांना द्यायचे. एवढंच आम्हाला माहीत होतं. बाईंना तेवढं पुरेसं होतं. "जिथे मुलांना येत नाही तिथे शिक्षक जाईल," त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "म्हणून खरं सांगायचं. डॉक्टरच्या ताप मोजायच्या काचनळीने लाज धरून ताप कमी दाखवला, तर औषध कोण देईल?"

कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे पांढरे बूट, असा त्यांचा वेश असायचा. खांद्याला कापडी पिशवी. तिच्यात भाकरी, लसणाची चटणी आणि पाण्याची बाटली. ज्या शाळेत चाचणी घ्यायची त्या शाळेचं पाणीसुद्धा त्या पीत नसत. कुणी चहा आणला तर म्हणायच्या, "पाहणी संपली की धुळ्याला या, मीच करून देते." लोकांना राग यायचा. आपल्याकडे घरी आलेल्याने चहाला नाही म्हणणं म्हणजे तोंडावर दार लावण्यासारखंच. मी मागे राहून सारवासारव करायची, एखादा घोट घ्यायची. बाईंना ते कळायचं. गाडीत बसल्यावर विचारायच्या, "साखर जास्त होती का गं?"

आमच्या चाचणीत पाच पायऱ्या होत्या. सुटे शब्द सांगता आले तर पहिली. मोडकी वाक्यं जमली की दुसरी. विचारलेल्याचं नीट उत्तर दिलं की तिसरी. चौथी पायरी म्हणजे समोरच्याला माहीत नसलेली गोष्ट आपणहून त्याला सांगता येणं. पाचवी वादविवादाची. ती खानदेशात फारशी कुणाच्या वाट्याला येणार नाही, असं बाई आधीच म्हणाल्या होत्या. मूल काहीच बोललं नाही तर शून्य.

या पायऱ्या बाईंच्या अंगातच मुरल्या होत्या. एसटीचा कंडक्टर, भाजीवाली, टीव्हीवरचे पुढारी, सगळ्यांना त्या पायरी देऊन टाकायच्या, मग ते कुठल्याही भाषेत बोलोत. माझं लग्न ठरलं होतं तेव्हा मी होणाऱ्या नवऱ्याला त्यांच्या पाया पडायला घेऊन गेले. तो बराच वेळ बोलला. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. तो बाहेर चपला घालायला गेला तेव्हा त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "मुलगा चांगला आहे. पण प्रश्न पुरता ऐकून घेत नाही. तिसरी." मी हे घरी कधी सांगितलं नाही. पण बाई गेल्यानंतर एका भांडणात माझ्या तोंडून ते निसटलं. नवरा म्हणाला, "मग तिसरीच्या माणसाबरोबर एवढी वर्षं काढलीस होय?" तेव्हा कुठे भांडण मिटलं.

आणखी एक. बाई वर्गाबाहेर इंग्रजीचा एक शब्द बोलत नसत. एका मोठ्या इंग्रजी शाळेने स्नेहसंमेलनाला पाहुण्या म्हणून बोलावलं. पालकांनी खच्चून भरलेलं सभागृह आणि सगळे कान टवकारून, की आता अस्सल इंग्रजी ऐकायला मिळणार. बाई अर्धा तास शुद्ध मराठीत बोलल्या. शेवटी संचालकांनी हळूच सुचवलं की मुलांसाठी दोन शब्द इंग्रजीत. बाई म्हणाल्या, "तुम्हा सगळ्यांना मराठी कळतं आहे. मग उगीच कशाला?" आणि खाली बसल्या.

पाहणीच्या आधी पुण्याला बैठक झाली होती, तेव्हाची गोष्ट. तोंडी चाचणीसाठी एक मोठं रंगीत चित्र ठरलं होतं. विमानतळ, चाकांच्या बॅगा घेऊन निघालेलं कुटुंब, काचेपलीकडे विमान. मुलांनी त्यावर दोन मिनिटं बोलायचं. मला वाटलं, बाई आता भांडणार. साक्रीच्या डोंगरातल्या मुलांनी विमान पाहिलं तर ते आभाळातच, ढगाएवढ्या उंचीवर. पण बाई भांडल्या नाहीत. उलट बाकीच्यांनी 'ग्रामीण भागाला वेगळं चित्र द्या' असा सूर लावला तेव्हा त्याच उठून म्हणाल्या, "सगळ्यांना एकच चित्र. नाहीतर मोजणार काय?"

याचं कारण त्यांनी मला नंतर सांगितलं. आम्ही जीपने शिरपूरहून परतत होतो. महामार्गावरून सोनगीरचा किल्ला दिसायला लागला तशी त्यांनी मान वळवली. "हे माझं माहेर. वडील तांब्यापितळेची भांडी घडवायचे. घरात दिवसभर ठोक्यांचा आवाज." त्या धुळ्याला कॉलेजात गेल्या, रेडिओ ऐकून ऐकून उच्चार घटवले. शेवटच्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत त्यांच्या आधीचा नंबर एका बड्या वकिलाच्या मुलीचा होता. "तिला परीक्षकाने विचारलं, तुझी लाडकी मैत्रीण कोण. मी गेले तर माझं नाव वाचलं, आडनाव वाचलं, चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, कायद्याचं राज्य म्हणजे काय ते सांगा. मला मराठीतसुद्धा सांगता आलं नसतं गं." त्या हसल्या, पण त्यांच्या हातातला रुमाल पिळवटून गेला होता. "त्या दिवसापासून माझं ठरलं. गरिबाला दुसरा आधार नाही. प्रश्न एक, वेळ एक, कान एक. बस."

या बाण्याची पहिली परीक्षा आमच्याच भागात, केळीच्या पट्ट्यात झाली. शाळा मोठी, फरशी चकचकीत, मुलांच्या पायात नवे बूट. केळीच्या एका बड्या व्यापाऱ्याचा मुलगा आत आला, चित्राकडे पाहिलं आणि तोंडाला कुलूप. बाईंचे डोळे मिटलेले. दोन मिनिटं गेली, मी टेबलावरची घंटी दाबली, बाईंनी शून्य मांडलं. मुलगा रडत बाहेर गेला. पाठोपाठ वडील आत.

"बाई, पोऱ्या घाबरला हो. त्याले सगळं येते. घरी मोबाइलवर इंग्रजीत बोलते तो. एकडाव परत विचारा."

"भाऊ, परक्या भाषेत बोलायचं म्हणजे घाबरणं आलंच. तेही यात मोजलं जातं."

"तुम्ही एवढ्या मोठ्या बाई. दोन मिनिटांनी तुमचं काय जाते?"

"माझं काही जात नाही. दुसऱ्या कुणाचं तरी जाईल."

तो गृहस्थ वाईट नव्हता. जाताना त्याने नमस्कार केला. पण आम्ही जीपपाशी आलो तर मागच्या सीटवर केळीचा अख्खा घड ठेवलेला. बाईंनी ड्रायव्हरला तो उचलायला लावला आणि शाळेच्या फाटकाशी ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी पाहणीच्या कार्यालयातून फोन आला, त्या मुलाची पुन्हा चाचणी घेता येईल का. बाई म्हणाल्या, "घेऊ की. मग दोन्ही जिल्ह्यांत जितकी मुलं गप्प बसली त्या सगळ्यांची पुन्हा घेऊ. तारखा कळवा." परत फोन आला नाही. मला त्या दिवशी त्यांचा इतका अभिमान वाटला की ओळखीच्या प्रत्येकाला मी हा किस्सा सांगत सुटले.

मग आम्ही साक्रीच्या पश्चिमेला गेलो.

थंडीचे दिवस होते. गवत वाळून पिवळं झालेलं, घाटाच्या वळणांवर लाकडाच्या मोळ्या घेऊन उतरणाऱ्या बाया. शाळा गावाबाहेर टेकाडावर. दोन खोल्या सिमेंटच्या, बाकीचे वर्ग पत्र्याखाली, पुढे लांब ओटा. मुलं घरात आदिवासी बोली बोलायची, बाजारात अहिराणी, वर्गात मराठी. इंग्रजी त्यांना चौथी भाषा. तिथे इंग्रजीला एक तरुण सर होते. त्यांनी एक पद्धत पाडली होती. रोज सकाळी एका मुलाने उभं राहून कालची एक बातमी इंग्रजीत सांगायची. कोंबडीने पिल्लं काढली, मामा सुरतहून आला, नदीवरचा पूल खचला. सर तीच बातमी फळ्यावर लिहायचे. आम्ही पोचलो तेव्हा फळ्यावर होतं, रविताच्या घरी नवीन दार बसवलं. बाई ते वाचून बराच वेळ उभ्या राहिल्या. पण बोलल्या नाहीत. चाचणीआधी शिक्षकाला बरंवाईट काही म्हणायचं नाही, हा त्यांचा आणखी एक नियम.

रविता हीच ती मुलगी. सडसडीत, दोन घट्ट वेण्या. आत येऊन उभी राहिली. बाईंनी तिला नेहमीप्रमाणे आधी अहिराणीत विचारलं, "काय नाव शे तुनं? जेवण व्हयनं का?" तिने मान हलवली. मग इंग्रजीतली सूचना आणि समोर विमानतळ. बाईंचे डोळे मिटले. रविताने चित्राकडे पाहिलं, बाईंच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते. पहिला शब्द तिच्या दातांमागे येऊन थांबला आहे हे मला दिसत होतं. दोन मिनिटं झाली. मी घंटी दाबली.

सगळ्या मुलांची चाचणी झाल्यावर आम्ही ओट्यावर आलो. सरांनी घरून डबा आणवला होता. बाईंनी हात जोडले आणि आपल्या भाकरीचं फडकं सोडलं. कागद माझ्या पिशवीत होते. चित्र तेवढं गुंडाळी करून बाईंच्या मागे ओट्याला टेकवून ठेवलं होतं. मुलं अंगणात घोळक्याने उभी होती. तेवढ्यात त्या घोळक्यातून खणखणीत आवाज आला.

"मॅडम! मॅडम! गोट इज ईटिंग युवर एअरपोर्ट!"

आम्ही वळून पाहिलं. एक पांढरी बकरी मागच्या बाजूने ओट्यापाशी आली होती आणि चित्राची गुंडाळी कोपऱ्यापासून शांतपणे चघळत होती. विमान गेलं होतं, काच गेली होती, कुटुंबाच्या बॅगा चालल्या होत्या. मुलं खिदळत धावली. सर धावले. मी हसून हसून ओट्यावरच बसले. आणि रविता आपल्याच आवाजाने दचकल्यासारखी दोन्ही हात तोंडावर ठेवून उभी होती.

बाई हसत नव्हत्या. त्यांनी हातातली भाकरी फडक्यात ठेवून दिली.

सर बकरीला हाकलून धापा टाकत आले. चेहरा फुललेला. "मॅडम, ऐकलंत ना? तुम्हाला माहीत नव्हतं ते तिने सांगितलं. आपणहून. तुमच्याच हिशेबाने चौथी पायरी."

"ऐकलं."

"तिला एअरपोर्ट शब्द येत होता. सगळं येत होतं. आत फक्त…"

"मी ऐकलं, सर."

"मग?"

"घंटा झाली होती."

सरांना आधी वाटलं, बाई गंमत करताहेत. मग त्यांचा चेहरा उतरला. ते भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मुलगी पहिल्यांदा परक्या माणसाशी इंग्रजीत बोलली हो." बाईंनी रविताला जवळ बोलावलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला, तोंडभर 'थँक यू' म्हटलं. वर्गाबाहेर त्यांच्या तोंडून इंग्रजी मी तेवढं एकदाच ऐकलं. पण कागदावरचं शून्य शून्यच राहिलं.

जीपमध्ये मी गप्प बसू शकले नाही. म्हटलं, बाई, नियम माणसांसाठी असतात. साक्रीत शिरताना त्या म्हणाल्या, "मी तिला चौथी दिली तर त्या केळीवाल्याच्या पोराला काय सांगू? त्याच्या अंगणात बकरी नव्हती, म्हणून?"

आणि तेव्हा आम्हा दोघींच्या मनात एक समाधान होतंच. या शाळेचा आकडा थोडा कमी आला तर बिघडलं कुठे? कमी आला तर मदत आधी पोचेल. बाईंनी तर एवढंही म्हणून दाखवलं, "बघ, त्या सरांच्या जोडीला अजून एक शिक्षक मिळेल इथे."

निकालाच्या बैठकीला बाई मला बरोबर घेऊन गेल्या. लांबलचक टेबल, पडद्यावर नकाशे, सगळ्यांचं बोलणं इंग्रजीत. अर्ध्या तासाने माझ्या लक्षात यायला लागलं की काय चाललं आहे. समितीने एक रेघ ओढली होती. रेघेवरच्या शाळा 'तयार'. त्यांना खास शिक्षक, भाषेची खोली, यंत्रं. रेघेखालच्या शाळा अजून तयार नाहीत. त्यांनी आधी मराठी पक्कं करावं. इंग्रजी पाठ्यपुस्तकापुरतं चालू ठेवावं. तिथे कुणी चांगले इंग्रजीचे शिक्षक असतील तर ते वर, जिथे उपयोग होईल तिथे हलवावेत. शिक्षक थोडे आहेत, ते वाया जाता कामा नयेत.

केळीच्या पट्ट्यातली ती शाळा, एका मुलाचं शून्य धरूनही, रेघेच्या बरीच वर होती. डोंगरातली ती शाळा रेघेच्या अगदी खाली. इतकी जवळ, की एक मूल दोन पायऱ्या जरी चढलं असतं तरी ती वर आली असती.

बाई उभ्या राहिल्या. मराठीतच बोलल्या. "ताप मोजून आणला तो औषध द्यायला. ज्याला ताप नाही त्याला तुम्ही औषध देताय."

अध्यक्ष सभ्य माणूस होता. म्हणाला, "मॅडम, आकडे तुमचेच आहेत. इतके विश्वासार्ह आकडे दुसऱ्या कुठल्याच जिल्ह्यातून आले नाहीत. म्हणून तर त्यांच्यावर निर्णय घेता येतोय."

बाईंनी पिशवीतून विमानतळाचं नवं मिळालेलं चित्र काढलं आणि त्याच्यासमोर टेबलावर पसरलं. "या चित्राबद्दल अहिराणीत सांगा. दोन मिनिटं."

खोलीत हशा पिकला. अध्यक्षही हसला, खुर्चीत सावरून बसला आणि म्हणाला, "हे… विमान शे." पुन्हा हशा. बाई डोळे मिटून उभ्या होत्या. तो पुढे अडखळला, हात वर करून हरलो म्हणाला, टाळ्या पडल्या. कुणीतरी म्हणालं, पहिली पायरी! चहा आला. सगळे मोकळे झाले, आणि चहानंतर दहा मिनिटांत रेघ एकमताने मंजूर झाली.

परतीच्या गाडीत बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. धुळं जवळ आल्यावर म्हणाल्या, "मी त्यांना हसवलं. मला हसवायचं नव्हतं."

तरुण सरांची बदली झाली. ते गेले त्या दिवशी मुलं घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत गाडीमागे धावली, असं कानावर आलं.

यानंतर बाईंनी जे केलं ते त्यांच्या वयाच्या बाईने करण्यासारखं नव्हतं. दर गुरुवारी पहाटे धुळ्याहून साक्रीची एसटी, तिथून मिळेल ती काळीपिवळी जीप आणि मग टेकाड चढून शाळा. त्या स्वतःच इंग्रजी शिकवायला लागल्या. मुख्याध्यापकांनी आधी चालवून घेतलं. पुढे बाहेरच्या माणसाला वर्गात बसवू नये असं पत्र आलं, तेव्हा बाई ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसायला लागल्या. मी सुटी असली की सोबत जायची.

मला वाटत होतं, आता सगळं जागेवर येईल. एवढी मोठी शिक्षिका, एवढी तळमळ. तसं झालं नाही. सुरुवातीला ओटा भरायचा. मग निम्मा झाला. मग चार-पाच मुलं. रविता पहिले काही गुरुवार आली आणि यायची थांबली. बाईंनी निरोप पाठवला, ती आली नाही. शेवटी एकदा हातपंपावर मलाच भेटली. मी म्हटलं, "का येत नही रविता तू? बाई वाट देखतीस."

ती हंडा भरता भरता म्हणाली, "ताई, त्या डोळा मिटीसन आयकतीस ना, माले धाक वाटस. सर हसेत. चुकनं तरी हसेत."

हे बाईंना सांगावं की नाही, मला कळेना. पण बाईंपासून काही लपवणं कठीण. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्या ओट्यावरून उठल्या, साडी झटकली, बुटांच्या नाड्या पुन्हा बांधल्या. उतरणीवर माझा हात धरून चालताना म्हणाल्या, "माझ्याकडे कॉलेजातली मुलं यायची गं. ज्यांना आधीच येत होतं ती. मला मोजता येतं. शिकवता येतं असं मी उगीच धरून चालले होते." पुढच्या गुरुवारी त्या गेल्या नाहीत. मी समजूत घालायचा प्रयत्न केला, तर म्हणाल्या, "पुरे आता. त्या पोरांना माझ्या दुःखाशी काय करायचंय?"

नंतर त्या धुळ्यातल्या देवपूरच्या घरात जवळजवळ बंदच झाल्या. पाय दुखायचे. शिकवणीला मुलं यायची त्यांना नाही म्हणायला लागल्या. मी महिन्यादोन महिन्यांनी जायची. मी जळगावला शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या कामावर आले होते आणि पाहणीची पुढची फेरी निघाली तेव्हा तोंडी चाचणीचं काम माझ्याकडे आलं. मी पेढे घेऊन गेले. त्यांनी अर्धा पेढा खाल्ला.

शेवटच्या भेटीत मी त्यांना रविताबद्दल सांगितलं. कामासाठी साक्रीला गेले होते, आठवडे बाजारात ती भेटली. लग्न झालं होतं, कडेवर मूल, अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली होती. तब्येतीने भरली होती, हसून बोलली. मी सहज तिला इंग्रजीत विचारलं, बाळाचं नाव काय. ती लाजली. म्हणाली, "ते आते येत नही, ताई. सर व्हतात तवय येत व्हतं."

बाईंनी हे सगळं डोळे उघडे ठेवून ऐकलं. खिडकीतून दुपारचं ऊन त्यांच्या पलंगावर आलं होतं. त्यांनी पांघरूण थोडं सरकवलं.

"ती चौथीवर होती," त्या म्हणाल्या. "मला तेव्हाच कळलं होतं. वाक्य संपायच्या आत कळलं होतं."

मी पाण्याचा पेला त्यांच्या हाताशी सरकवला.

"मी खूपदा ते परत करून पाहते. तोच ओटा, तीच मुलगी, सगळं तसंच. म्हणते, या वेळी देऊन टाकू. आणि दर वेळी शून्यच मांडते. केळीवाल्याचा तो पोरगा आडवा येतो, वकिलाची पोरगी आडवी येते." त्या जरा थांबल्या. "नियम बरोबर होता आणि मुलीला येत होतं. दोन्ही खरं. यातलं एक खोटं असतं ना, तर मी सुखाने झोपले असते."

मी त्यांचा हात हातात घेतला. एरवी त्यांनी घेऊ दिला नसता.

उन्हाळा संपायच्या आत बाई गेल्या. त्यांच्या मोठमोठ्या विद्यार्थ्यांनी धुळ्यात शोकसभा घेतली. सगळे फार सुंदर इंग्रजीत बोलले.

आता चाचणी टॅबवर असते. चित्र टॅबच दाखवतो, वेळ टॅबच मोजतो, वेळ संपली की आवाज घेणं आपोआप बंद होतं. मी फक्त बाजूला बसते. परीक्षेबाहेर मूल काही बोललं तर त्याची नोंद कुठे करता येईल, असं मी वर लिहून विचारलं होतं. उत्तर आलं, अशी नोंद तुलनेत धरता येत नाही. ते बरोबरच आहे. बाईंनीही हेच लिहिलं असतं.

रेघ अजून तिथेच आहे. मी दोन्ही जिल्हे फिरते. शेवटचं मूल खोलीबाहेर गेलं की टॅब पिशवीत घालते आणि सरळ गाडीत जाऊन बसते, काच वर करते. मुलं अंगणात काहीतरी ओरडत असतात. ड्रायव्हर विचारतो, थोडं थांबायचं का, चहा ठेवलाय म्हणतात. मी म्हणते, नको, चल.